शोकेसमधला वारा

हळदीचा हंगाम सुरू झाला की मला एका पंख्याचा आवाज ऐकू येतो. खरं तर तो पंखा कधीच भंगारात गेला आणि मी आता साताऱ्यात राहते. इथल्या बाजारात हळदीचा तसा बोलबाला नसतो. पण फाल्गुन सरता सरता माझा भाऊ दिनू सांगलीहून नव्या हळदीची पिशवी पाठवतो. पिशवीचं तोंड सोडलं की तो ओलसर, मातकट, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग कानात घर्र सुरू होते. नाकानं वास घ्यावा आणि कानानं ओ द्यावी, असला काहीतरी घोळ माझ्या डोक्यात नव्वदीच्या अखेरच्या त्या एका उन्हाळ्यानं करून ठेवला आहे.

त्या वर्षी बी.एड.ची परीक्षा देऊन मी नोकरीची वाट बघत घरी बसले होते. आमचं घर सांगलीत, हळदीच्या पेठेच्या मागच्या अंगाला. चैत्र-वैशाखात सौदे जोरात असायचे. पोती उतरायची, फुटायची, चाळली जायची आणि सगळी पिवळी धूळ दुपारच्या वाऱ्यावर बसून आमच्याकडे पाहुणी यायची. दोरीवरची पांढरी साडी संध्याकाळी लग्नातली वाटायची. तांब्यावर बोट फिरवलं तर बोट पिवळं. आईचं या धुळीशी कायमचं भांडण होतं. तिचं मुख्य हत्यार म्हणजे झाकण. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, मिक्सरला शिवलेली टोपी, टेलिफोनला झालर. घरात एखादी वस्तू आली की किंमत विचारायच्या आधी आई तिचं माप घ्यायची.

अशा घरात दिनूनं कॉम्प्युटर आणला. तो तेव्हा सांगलीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. दुकानात उरलेसुरले भाग जमवून त्यानं एक यंत्र जुळवलं, त्याला एक कार्ड बसवलं आणि वायर थेट आमच्या टीव्हीला जोडली. आता व्हीसीडी घातली की टीव्हीवर सिनेमा दिसणार, गाणी लागणार, माईक लावून आपला आवाजही त्यात भरता येणार. दिनू म्हणाला, हे घरातलं थिएटर. आई म्हणाली, थिएटर असंल, पण हे उघडंनागडं डबडं आन वायरी बैठकीच्या खोलीत दिसता कामा नयेत. म्हणून तो डबा गेला शोकेसच्या खालच्या कप्प्यात. शोकेस म्हणजे आमच्या घराचा दर्शनी चेहरा. वर काचेआड बुद्धमूर्ती, कधीच न वापरलेला चहाचा सेट, अण्णांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ. मध्ये टीव्ही. खाली दोन दारांचा कप्पा, त्यात पूर्वी गोधड्या असायच्या. गोधड्या हलल्या, कॉम्प्युटर बसला, आईनं त्याच्यावर बेतून शिवलेलं आवरण चढवलं आणि दारं लावून घेतली.

सिनेमा अर्ध्यावर येईपर्यंत चित्र जागच्या जागी थिजलं. नायिकेचं तोंड उघडं ते उघडंच. दिनूनं दार उघडलं तर आतून भाकरीच्या तव्यावरून यावी तशी झळ आली. त्यानं आवरण ओढून काढलं, दारं सताड उघडी ठेवली. यंत्र गार झालं, सिनेमा पुढे सरकला, पण आतले दोन पंखे असे काही घरघरायला लागले की नायिका काय म्हणते ते तिचं तिला ठाऊक.

तेव्हापासून आमच्या घरात हा एकच प्रश्न होता. दार लावलं की तापायचं, उघडलं की ओरडायचं. आज अशी यंत्रं तळहाताएवढी असतात आणि श्वाससुद्धा घेत नाहीत. तेव्हा मात्र गार आणि गप्प या दोन गोष्टी एका घरात सुखानं नांदत नव्हत्या. आईनं आपल्या परीनं उपाय केला. वाळ्याचा तुकडा भिजवून तिनं कप्प्याच्या दाराला आतून टांगला. सुगंध छान सुटला. दिनू दुकानातून आला, त्यानं दार उघडलं आणि डब्यावरचे पाण्याचे थेंब बघून तो मटकन खालीच बसला.

"आई, करंट हाय गं त्यात."

"मग काय झालं? कूलरमदी बी करंट असतोच की," आई म्हणाली.

दिनूनं टॉवेल घेतला आणि थेंब टिपत बसला.

आमचे अण्णा या सगळ्याकडे खुर्चीवरून बघायचे. आदल्याच वर्षी ते निवृत्त झाले होते. आष्ट्याच्या पुढच्या एका साखर कारखान्यात त्यांनी उभी हयात बॉयलरवर काढली. आमचं बालपण तिथल्या कॉलनीतलं, सांगलीच्या घरी आलो ते पुढे आमच्या शिक्षणासाठी. आमच्याकडे हंगाम हा शब्द कॅलेंडरातून यायचा नाही, भोंग्यातून यायचा. गाळप सुरू असेतो जमीन रात्रंदिवस बारीक गुणगुणायची आणि आम्हाला त्या गुणगुणीत झोप लागायची. गाळप थांबलं की पहिल्या रात्री सगळी कॉलनी टक्क जागी. अण्णा म्हणायचे, "आवाज हाय तवर घोर न्हाई. बॉयलर गप झाला की उठून बसायचं." माणूस असा आवाजाच्या पोटात राहिला. त्यानं कानांचं काय केलं, ते आम्ही कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या लक्षात आलं ते सिनेमामुळे. शेजारच्या शकूकाकू यायच्या, दार उघडं ठेवून घरघरीतच सिनेमा चालायचा. विनोद झाला की सगळे हसायचे आणि अण्णा किंचित उशिरा हसायचे. दोन-तीनदा तसं झाल्यावर मी पडद्याऐवजी अण्णांकडे बघत बसले. अण्णाही पडद्याकडे बघत नव्हते. ते आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचे ओठ फाकले की यांचे फाकायचे. सिनेमा संपल्यावर दिनूनं विचारलं, "कसा वाटला, अण्णा?"

"लय भारी," अण्णा म्हणाले. त्यांना सगळेच सिनेमे लय भारी वाटायचे.

मग मागच्या कितीतरी गोष्टी मला नव्यानं दिसायला लागल्या. अण्णा पूर्वी गल्लीतल्या विहारात वंदना सांगायचे. त्यांचा आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. पण मागे एका पौर्णिमेला सगळे एका ओळीवर असताना अण्णा पुढच्या ओळीवर गेले. सावरले, तर मागे पडले. पोरंसोरं हसली, मोठ्यांनी त्यांना डोळे वटारले. त्यानंतर अण्णांचे गुडघे दुखायला लागले. विहाराच्या तीन पायऱ्या त्यांना चढवेनात. बाजारात जाऊन भाजीची जड पिशवी मात्र ते रोज आणायचे. माणूस हळूहळू घरातल्या खुर्चीपुरता उरत चालला होता आणि आम्ही त्याला निवृत्ती म्हणत होतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

अशाच एका दुपारी वीज गेली. डोक्यावरचा पंखा थांबला, शोकेसमधली घरघर थांबली, पेठेतली चाळण यंत्रंही बंद पडली. दुपार एकदम रिकामी झाली. मी स्वयंपाकघराच्या दारातून, सवयीनं, उत्तराची अपेक्षा न ठेवता, साध्या आवाजात म्हटलं, "चहा ठेवू का?"

"ठेव की. अर्धाच," अण्णा म्हणाले. त्यांची माझ्याकडे पाठ होती.

मी दारातच उभी राहिले. अण्णांना ऐकू येत होतं. थोडं, पण येत होतं. त्यांच्या कानापर्यंत पोचायच्या आधीच आमचे शब्द कुठलीतरी घरघर गिळून टाकत होती. तो अर्धा चहा मी पूर्ण कप भरून दिला.

संध्याकाळी मी दिनूला सगळं सांगितलं. दिनू तसा उनाड, पण त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे डबा गप करायचा. दार लावून." त्या दिवसापासून घरातल्या थिएटरचं काम शौकाचं राहिलं नाही. मात्र अण्णांना आम्ही हे कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून. आमच्या घराची ती जुनी रीत होती. कुणाला वाईट वाटेल असं कुणी कुणाला सांगायचं नाही, मग भले सगळ्यांनाच वाईट वाटत राहो.

आम्ही दोघं कप्प्यात डोकं घालून बसलेले बघून अण्णा खुर्चीवरून उठले. हात आत घालून त्यांनी हवा चाचपली. "ह्येला ड्राफ्ट न्हाई," ते म्हणाले. ड्राफ्ट म्हणजे भट्टीतून वाहणारा वारा. हवेला यायला वाट हवी, जायला वाट हवी, आणि मध्ये तिला ओढणारं काहीतरी हवं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ड्युटीवर निघालेल्या माणसाचा भाव होता. दोन दिवसांत त्यांनी शोकेसच्या बगलेला करवतीनं गोल भोक पाडलं आणि त्यात स्वयंपाकघरात लावतात तसला धूर ओढणारा पंखा बसवला. आईचा जीव सनमायकात अडकला होता, पण ती काही बोलली नाही. दारं लावली. पंखा सुरू केला.

यंत्र गार पडलं, यात शंका नाही. पण आवाज असा की वरच्या कप्प्यातले चहाचे कप एकमेकांवर किणकिणायला लागले. अण्णा कप्प्याच्या दारावर तळहात ठेवून उभे होते. "बघ आता. गार का न्हाई?" आम्ही तिघांनी माना हलवल्या. गार होतंच की.

तो पंखा आमच्या घरात बरेच दिवस चालला. आता आठवलं की हसू येतं. आई आणि शकूकाकू सिनेमा बघताना एकमेकींच्या कानाला तोंड लावून बोलायच्या. शकूकाकू पुढे पुढे डोकं दुखतं म्हणून यायच्याच बंद झाल्या. दिनू जेवताना हातवारे करून भाजी मागायचा. ज्या माणसाला ऐकू यावं म्हणून हा खटाटोप मांडला, त्याच्यासाठी आम्ही घरात गिरणी घातली होती, आणि त्याला सांगायची कुणाची छाती होत नव्हती.

एका संध्याकाळी अण्णा पाणी प्यायला उठले आणि परतताना त्यांचा हात सहज शोकेसच्या काचेवर टेकला. ते थांबले. काच थरथरत होती. त्यांनी कपांकडे बघितलं, मग आमच्याकडे. आई माझ्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती. अण्णांनी वाकून पंख्याचा प्लग ओढला. सिनेमा तसाच चालू राहिला, पण आमचे खांदे सगळ्यांचे एकदम खाली आले. ते आमचं आम्हाला कळलं नाही, अण्णांना दिसलं.

"लय वरडत हुता व्हय ह्यो?"

दिनू म्हणाला, "न्हाई अण्णा, थोडासाच."

"सुजा, तू सांग."

"लय, अण्णा," मी म्हटलं. "गिरणीत बसल्यागत."

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"आवं, तुमी एवढ्या हौसेनं केलंता," आई म्हणाली.

अण्णा खुर्चीत बसले. दिनूनं सिनेमा बंद केला. त्यांनी आपल्या तळहाताकडे बघितलं आणि सरळ सांगून टाकलं. "तुमी मला सांगत न्हाई आन मी तुमास्नी. मला ऐकू येत न्हाई. बॉयलरम्होरं कान गेलं. मान हलवून हलवून मानगूट दुखायला लागली माजी." आई पदर डोळ्याला लावायच्या बेतात होती. अण्णांनी तिला हातानं थांबवलं. "रडू नगंस. मशीन गप करा आन तुमी बोला. उलटं चाललंय ह्या घरात."

'मला ऐकू येत न्हाई' या त्यांच्या वाक्याचा मला आजही आधार वाटतो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे काही चांगलं झालं, ते त्याच्यानंतर झालं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला कामाला लावलं. अट एकच, खोटं बोलायचं नाही. त्यांचे हात आणि माझे कान. मोठा पंखा निघाला. बगलेचं भोक फळीचा तुकडा ठोकून बुजवलं. कप्प्याच्या तळाला पुढून फट ठेवली, मागच्या बाजूला वर एक नळ काढला, टीव्हीच्या मागून थेट शोकेसच्या माथ्यापर्यंत. तापलेली हवा आपल्या पायानं वर जाईल, तिला ढकलायची गरज नाही, असा अण्णांचा हिशेब. दिनूनं डब्यातले बारके पंखे काढून एक मोठा लावला आणि त्याला वीज कमी दिली, म्हणजे तो आळसात फिरेल. डब्याच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे आले. दारांना आतून जुन्या घोंगडीचं अस्तर लागलं. आणि खालच्या फटीला आईनं आपल्या नायलॉनच्या जुन्या साडीचा तुकडा ताणून शिवला, धूळ अडवायला. अखेर तिला झाकायला काहीतरी मिळालं, आणि या खेपेला ते बरोबर जागी होतं. ती दर रविवारी तो तुकडा धुवायची. पाणी इतकं पिवळं निघायचं की त्यात भात शिजवावा.

पहिल्या प्रयत्नात काही जमलं नाही. नळ बारीक पडला, यंत्र पुन्हा थिजलं. दिनू वैतागला, अण्णा नाही. त्यांनी उदबत्ती पेटवली आणि खालच्या फटीशी धरली. धूर आत जाईना, तिथंच घुटमळला. मग जाड नळ आणला. पुन्हा उदबत्ती. या वेळी धुराची रेघ वळली, साडीच्या तुकड्यातून आत शिरली आणि आम्ही सगळे माना वर करून शोकेसच्या माथ्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं तिथून मोगऱ्याचा वास आला. आईनं हात जोडले, कुणाला ते तिलाच माहीत.

"आवाज?" अण्णांनी मला विचारलं.

"येतोय. मांजर झोपल्यागत."

"अजून जरा कमी कर रं दिन्या."

वैशाखाच्या दुपारी मग आमचा नवा उद्योग सुरू झाला. दिनूनं माईक आणला आणि मी वंदना म्हणून त्या यंत्रात भरली. पहिल्यांदा मी शिकाऊ बाईंच्या उंच आवाजात म्हटली, ती अण्णांना भुणभुण वाटली. मग खालच्या पट्टीत, सावकाश, शब्द सुटा करत म्हटली. दारं लावून अण्णा समोर पाट टाकून बसायचे. टीव्हीच्या पडद्यावर चित्र काही नसायचं, फक्त खाली एक बारकी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायची. अण्णा ती पट्टी बघायचे, कानात माझा आवाज जेवढा जाईल तेवढा घ्यायचे आणि ओठ हलवायचे. पाठ त्यांना होतीच. हवी होती ती चाल, बाकीच्यांच्या पावलाशी पाऊल जुळवणारी. मी पलंगावर पडून ऐकायची. बाहेर पिवळी धूळ, घरात माझाच आवाज आणि त्याच्या जवळ जवळ येत चाललेला अण्णांचा. नोकरीची पत्रं येत नव्हती तरी मला ते दिवस सुखाचे वाटायचे.

परवा इथं साताऱ्यात, माझ्या शाळेतल्या वर्गात एका मुलीनं काहीतरी विचारलं. मला नीट ऐकू आलं नाही. मान हलवून पुढे जाणं अगदी सोपं होतं, मान हललीही होती. मग मी खडू ठेवला, तिच्या बाकाजवळ गेले आणि म्हटलं, "पुन्हा सांग बाळ, मला ऐकू आलं नाही." तिनं मोठ्यानं सांगितलं. प्रश्न चांगला होता. अण्णांचे कान माझ्याकडे येत असतील तर येवोत, त्यांच्याबरोबर त्यांचं ते वाक्यही आलेलं आहे.

त्या वर्षीच्या वैशाखी पौर्णिमेला सकाळी अण्णांनी पांढरा सदरा घातला. गुडघ्यांचा विषय कुणी काढला नाही. विहाराच्या तीन पायऱ्या ते चढले, आत जाऊन पुढच्या रांगेत बसले, आणि वंदना सुरू व्हायच्या आधी उठून उभे राहिले.

"मला कमी ऐकू येतं," अण्णा सगळ्यांना म्हणाले. "जरा सावकाश घ्या. माजी सुजा म्होरं बसंल, तिच्या व्हटाकडं बघून मी म्हणीन. चुकलो तर थांबवा मला."

कुणी हसलं नाही. मी त्यांच्यासमोर तोंड करून बसले. सुरुवातीच्या ओळी त्यांनी माझ्या ओठांवरून उचलल्या. मग त्यांचा भरदार आवाज मोकळा झाला, त्यांनी डोळे मिटले आणि माझी गरज उरली नाही. सगळे त्यांच्याबरोबर होते, ते सगळ्यांबरोबर होते. मागच्या रांगेतून आई जरा जास्तच मोठ्यानं म्हणत होती.

खीर खायला अर्धी गल्ली आमच्याकडे आली. शकूकाकूही आल्या, कपाळाला बाम न लावता. दिनूनं सगळ्यांना आपलं थिएटर दाखवलं. दारं लावलेली, गाणी सुरू, माणसं एकमेकांशी साध्या आवाजात बोलत होती आणि अण्णा मध्ये बसून विचारत होते, "काय म्हणालास? पुन्यांदा सांग." एकेक जण पुन्हा सांगत होता. सांगताना कुणाचं काही कमी होत नव्हतं.

माणसं गेल्यावर मी वाट्या गोळा करत होते. अण्णा शोकेसपाशी उभे होते, नेहमीसारखा तळहात दारावर टेकून.

"आवाज येतोय का गं?"

आमचा करार होता. मी वाट्या खाली ठेवल्या, दाराला कान लावला आणि नीट ऐकलं. खूप आत, घोंगडीच्या पलीकडे, बारीक गुणगुण होती. आमच्या कॉलनीतल्या जमिनीसारखी.

"येतोय, अण्णा. थोडासा येतोय."

"येऊ दे," अण्णा म्हणाले. "चालू हाय एवढं तरी कळतंय."